लाल टोपण

आमच्या संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधक बाईंच्या शोकसभेत मी बोलायचं ठरलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "त्यांच्याबद्दल बोल. स्वतःबद्दल नको." संसाराला सत्तावीस वर्षं झाली; नवरा तिला तोंडपाठ आहे.

सागरी भूशास्त्रात बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गाळाची चिमूट दाताखाली धरून तो किती बारीक आहे ते त्या सांगायच्या. मीही एकदा ऐटीत चिमूट तोंडात टाकली होती. खारट लागली, एवढंच कळलं.

बावीस वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर संशोधनाच्या जहाजावर होतो. होतो म्हणजे बहुतेक वेळ कठड्याला धरून ओकत होतो. समुद्राच्या तळात लांब नळी घुसवायची, गाळ भरून वर आणायची आणि वरच्या टोकाला लाल टोपण, खालच्याला निळं लावायचं. टोपणांचं तेवढं एक काम माझ्याकडे होतं. ते मी दोन ओकाऱ्यांच्या मधे उरकलं.

परत आल्यावर त्या नळीतल्या गाळावर मी चाळीस पानं खरडली. म्हणे, हजारो वर्षांपूर्वी हा समुद्र अचानक तापला! संचालकांनी पाठ थोपटली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसलो. वार्षिक बैठकीच्या सकाळी बाईंनी शीतगृहात ती नळी काढली आणि दोन्ही टोकांचा गाळ बोटानं चाचपला.

"अरे, वरचा गाळ पाणीदार असतो. हा तर साबणासारखा घट्ट आहे. लाल टोपण कुठल्या टोकाला लावलंस?"

टोपणं मी उलटी लावली होती. खालचा गाळ जुना, वरचा नवा असतो; मी नळी उलटी वाचली होती. समुद्र तापला नव्हता, थंड झाला होता. त्यात माझी नोकरी कायम करायची की नाही, हे त्याच बैठकीत ठरणार होतं.

बैठकीत बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "टोपणं मी लावली होती. चूक माझी आहे."

पुढच्या मोहिमेचं प्रमुखपद त्यांच्या हातून गेलं. मी कायम झालो. तेव्हा मूग गिळून बसलो तो बावीस वर्षं बसूनच राहिलो. त्या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

शोकसभेत ते जुने संचालक माझ्याआधी बोलले. "बाईंच्या हातूनसुद्धा एकदा नळी उलटी झाली होती बरं का!" सगळे हसले. पहिल्या रांगेत बाईंची लेक होती. ती हसली नाही.

माझ्या खिशात दोन पानी भाषण होतं. त्यात बाई सात वेळा होत्या आणि मी एकोणतीस वेळा. नाव पुकारलं गेलं. मी उठलो.

"ती टोपणं मी लावली होती," मी म्हणालो. "बाईंनी नाही. मी."

दोन पानं खिशातच राहिली. खाली उतरलो. बायकोचं न ऐकता शेवटी स्वतःबद्दलच बोललो होतो.

सभा संपल्यावर बाईंची लेक जवळ आली.

"काका, मला ठाऊक होतं. आई ऑफिसातून आली की बाबा विचारायचे, 'बोलला का तो?' ती म्हणायची, 'बोलेल.' पुढे बाबांनी विचारणं सोडून दिलं."

"आणि बाईंनी?"

"शेवटी दवाखान्यात मी विचारलं. तेव्हाही म्हणाली, 'बोलेल.'"