कडीसाठी सहा भोकं

एकतीस वर्षं मी लोखंडाला भोकं पाडतो आहे. पत्रा, पट्टी, बीड, स्टेनलेस, काय हवं ते पुढ्यात ठेवा. कारखान्यात ड्रिलचं एखादं बिट कुरकुरलं तर तीन मशीन पलीकडून मी सांगतो, बिटाची धार गेली, चालवणाऱ्याची अक्कल गेली की दोन्ही. त्यामुळे बाथरूमच्या भिंतीवर एक हँडल बसवायला बाहेरचा माणूस बोलवू या, असं बायको म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषयच सोडला. चूक तिथेच झाली. पुढच्या सगळ्या चुका म्हणजे तिचीच पिल्लं.

हँडल हवं होतं मावशीला. आई लवकर गेली. मावशीने शिवणाचं मशीन चालवून मला वाढवलं. दोन महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली. हाड शाबूत राहिलं, धीर मात्र खचला. तेव्हापासून दार सताड उघडं, माझी बायको आत स्टुलावर बसलेली, अशी अंघोळ. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, ‘आधाराची सोय करावी.’ लिहायला काय जातं! सोय करणारा हात कागदासोबत देत नाहीत.

बायको कधी कुरकुरली नाही. मावशी कुरकुरली.

“चाळीस वर्षं मी जगाची मापं घेतली,” ती म्हणाली, “आता रोज माझंच माप घेतायत. खिळ्या, मला आतून कडी लावून अंघोळ करायची आहे. एकटीने. एवढं करून दे, मग तुझ्याकडे काही मागणार नाही.”

खिळ्या म्हणजे मी. सहा वर्षांचा असताना तिच्या मशीनच्या फळीत अकरा खिळे ठोकले होते. ते नाव आज चौपन्नाव्या वर्षीही सुटलेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी हत्यारं मांडली. हँडल झकास होतं, हातभर लांबीचं, जाड स्टेनलेसचं. वरच्या पायाला तीन स्क्रू, खालच्याला तीन. सहा भोकं. असली सहा भोकं मी डबा खाता खाता पाडतो.

आता लोखंडवाल्याची एक सवय असते. गुळगुळीत लोखंडावर बिट टेकवलं की ते घसरतं. म्हणून आधी पंच मारायचा. पंच म्हणजे टोकदार पोलादी कांडी. खुणेवर टेकवायची, वरून हातोडी हाणायची, की बारीक खळगा पडतो आणि बिट तिथेच बसतं. शिकाऊ असताना पंच न मारता मशीन चालू केलं म्हणून उस्तादाने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. तो धपाटा माझ्या हातात मुरलाय. हात विचारत नाही. हात पंच उचलतो.

मी पंच टेकवला. हातोडी मारली.

टाच्.

खालच्या टाइलला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. नखाएवढा कपचा उडून माझ्या चपलेवर पडला.

मग दारातल्या खुर्चीवरून मावशी म्हणाली, “झालं का भोक?”

“मावशी, अजून गिरमिट लावलंसुद्धा नाही,” बायको म्हणाली. “यांनी नुसत्या नमस्कारातच टाइल फोडली.”

आणि त्या दोघी हसल्या. अशा हसल्या की मावशीला ठसका लागला आणि बायकोला तिची पाठ थोपटावी लागली. मी मात्र पेटलो होतो. टाइलवर, दुकानदारावर, टाइल शोधून काढणाऱ्यावर, सगळ्यांवर. माणूस स्वतः चुकला की त्याला किती तरी गुन्हेगार सापडतात.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. तडा गेलेल्या टाइलवर हँडल बसवणं म्हणजे मावशीला पुन्हा पाडणं. डावीकडे भिंतीतून नळाचा पाइप गेलेला. उजवीकडे चार बोटं सरकलं तर धड टाइल मिळत होत्या, त्यापलीकडे लगेच दाराची चौकट. म्हणजे जागा एकच उरली. या रंगाच्या टाइल निघणं कधीच बंद झालेलं. हीही फुटली की कडीचा विषय संपला.

मावशीच्या ते लक्षात आलं होतं. तिचं हसू हळूच विरलं. “राहू दे रे,” ती म्हणाली. “बसते स्टुलावर ती. वाईट नाही बसत.”

ते ‘राहू दे’ मला हातोडीपेक्षा जोरात लागलं. मी कपचा उचलून खिशात टाकला आणि दुकान गाठलं.

हार्डवेअरच्या दुकानात दर्शनी भागावर एक चकचकीत खोकं टांगलेलं. चाळीस बिटांचा संच, वर मोठ्ठ्या अक्षरात ‘सर्व कामांसाठी’. असं छापणाऱ्याला त्याच खोक्यात कोंबून वरून झाकण लावायला हवं. सर्व कामांसाठी कुणी नसतं. देवसुद्धा नाही.

काउंटरवर एक बाई होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिच्यामागे भिंतभर छोटे खण.

“टाइलमध्ये भोक पाडायचं बिट द्या. आठ एमएम,” मी म्हणालो.

“टाइल कसली?”

“बाथरूमची.”

“बाथरूम कुणाचं ते नाही विचारलं, काका. टाइल कसली?”

मी खिशातला कपचा काढून आपटला. तिने तो उलटा केला, कड निरखली. मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणातून एक थेंब त्याच्या पाठीवर सोडला. थेंब बघता बघता आत जिरला.

“नशीब काढलंत. साधी सिरॅमिक. वर काचेसारखी साय, आत भाजलेली माती. पाणी वरच राहिलं असतं तर ती व्हिट्रिफाइड, आतून बाहेरून दगड. तिला हिऱ्याची कणी लावलेलं पोकळ बिट लागतं.” तिने एक खण ओढून एक बिट पुढे ठेवलं. त्याचं टोक भाल्याच्या पात्यासारखं, चपटं आणि टोकदार. “हे. मशीनचा हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोके देणं, बंद ठेवायचं. मशीन हळू. हिच्या मागे काय आहे?”

“भिंत.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी नव्या पोरांकडे बघतो. “विटेची की काँक्रीटची?”

एकतीस वर्षं. आणि माझ्याच घराची भिंत कशाची, ते मला ठाऊक नाही.

“हरकत नाही. टाइल पार झाली की भुकटी बघा. लाल आली तर वीट, करडी आली तर काँक्रीट. आणि हे भालेवालं तिथेच थांबवायचं. आत हे.” तिने दुसरं बिट दिलं. त्याचं टोक बोथट, त्यात कठीण धातूची आडवी पट्टी बसवलेली. “हे भिंतीचं. हे कापत नाही, फोडत जातं. विटेला हॅमर नको, काँक्रीट निघालं तरच लावा. आणि स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची गुट्टी टाइलच्या पार मागे जाऊ द्या. स्क्रू आवळला की ती फुगते. टाइलमध्येच राहिली तर आतून फोडेल.” मग तिने कपचा पुन्हा बघितला. त्यावर अर्धी गोल खूण होती. “काका, तुम्ही पंच मारलात?”

मी कपचा उचलून परत खिशात टाकला.

“लोखंडवाले ना?” ती हसली. “दर महिन्याला एक येतो.”

घरी आलो तेव्हा मावशी तिथेच बसलेली. मी दोन्ही बिटं तिच्या हातावर ठेवली आणि दुकानातलं सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. लपवून जायचं कुठे?

ती भाल्याच्या टोकावरून बोट फिरवत म्हणाली, “म्हणजे तू मलमलीला दाभण घातलंस.”

“घातलं.”

“मशीनवर बसायच्या आधी मी काय विचारायचे?”

“कापड कुठलं.”

“मग? तीस वर्षं माझ्या सुया ओवून दिल्यास आणि हे विसरलास? गाढवा, सुई कापड बघून निवडतात. हातात आहे म्हणून नव्हे.”

बायको तोवर चिकटपट्टी घेऊन आली. तिने खुणेच्या जागी पट्टीची फुली चिकटवली, बिट घसरू नये म्हणून. मग उरलेली पट्टी माझ्या ड्रिल मशीनच्या हॅमरच्या बटणावर गुंडाळली. तीनदा.

“विश्वास नाही वाटतं?”

“तुमच्यावर आहे, अहो. तुमच्या हातावर नाही.”

मी मशीन उचललं. फुलीवर टोक टेकवलं. चापावर बोट ठेवलं.

“थांब,” मावशी म्हणाली. “नाजूक कापडावर पहिले टाके पाय मारून घालत नाहीत. चाक हाताने फिरवायचं. वायर काढ.”

मी वायर काढली. बिट पकडणारा मशीनचा जबडा मुठीत धरला आणि हातानेच फिरवू लागलो. कर्र, कर्र. पट्टीखालून बारीक पांढरी भुकटी आली. साय खरवडली जात होती. एक खळगा पडला, अगदी तसाच जसा पंचाने पडतो. फक्त हातोडीशिवाय. उस्ताद असता तर त्याच्याच पाठीत एक घातला असता मी.

वायर लावली. मशीन हळू, इतकं हळू की चालवणारा शिकाऊ असता तर मी ओरडलो असतो. मावशी खुर्चीवरून ताल देत होती, “हळू... हळू... आता सोड जरा... उचल, गार होऊ दे.” थांबलो की बायको ओल्या स्पंजाने टोक गार करायची. मग एकदम हाताला कळलं, समोरचं मऊ झालं. टाइल पार.

लाल भुकटी गळली.

“वीट!” मी ओरडलो. पहिलं पोर झालं तेव्हाही इतक्या जोरात ओरडलो नव्हतो, असं बायकोचं म्हणणं आहे. ते मला मान्य नाही.

बिट बदललं. बोथटवालं विटेत सुखाने शिरलं. पाच भोकं अजून बाकी होती आणि प्रत्येक वेळी आम्ही तिघांनी श्वास रोखला. चौथ्या भोकाला कट्ट आवाज आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मावशीची खुर्ची सरकली होती, बाकी काही नाही. सहावं झालं तेव्हा दुपार कलली होती आणि माझ्या मिशीवर लाल माती होती. एकतीस वर्षांत सहा भोकांना इतका वेळ कधी लागला नव्हता.

गुट्ट्या टाइलमागे ठोकल्या, हँडल आवळलं, आणि मी दोन्ही पाय उचलून त्यावर लटकलो. ब्याण्णव किलो.

“माकड,” बायको म्हणाली.

“धरतंय का?” मावशीने विचारलं.

“मला धरतंय. तू तर त्याच्या खिजगणतीत नाहीस.”

“ती फुटकी राहू दे,” ती तड्याकडे बोट दाखवत म्हणाली. “वर काही चिकटवू नकोस. रोज बघायची आहे मला.”

मावशी उठली. मी हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला. आत गेली. हँडल धरलं, एकदा ओढून पाहिलं, कापडाचा ताण बघतात तसं. मग आमच्याकडे वळली, आणि आमच्या तोंडावर दार लावलं.

कडी वाजली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

आम्ही दोघं बाहेर उभे, कान दाराला. पाणी पडल्याचा आवाज. स्टूल सरकल्याचा. मग मावशी गुणगुणायला लागली, बेसूर, मशीनवर बसून गुणगुणायची तेच. बायकोने माझ्या मिशीवरची माती पदराने पुसली.

“बाहेर उभे आहात ना दोघं?” आतून आवाज आला.

“नाही!” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

“मग टॉवेल आणा. राहिलाय.”

बायको धावत टॉवेल घेऊन आली. कडी निघाली, दार दोन बोटं उघडलं. फटीतून ओला हात बाहेर आला, टॉवेल ओढून आत गेला, आणि कडी पुन्हा वाजली.