काविळीचा डाग

घरातून निघायच्या आधी अमरेशनं बायकोचा दंड पिरगाळला. दानेश्वरीला त्याची सवयच झाली होती. "समितीपुढं माझ्या आईचं नाव घेतलंस तर मुडदा पाडीन," तो म्हणाला. वर लांब बाह्यांचा ब्लाउज घालायला लावला. चिंचोळीच्या कारखान्यात साहेबापुढं मांजर होणारा हा गडी घरात मात्र वाघ.

त्यांच्या चार वर्षांच्या लेकीला, राजेश्वरीला, कावीळ झाली तेव्हा अमरेशच्या आईनं, गुरम्मानं, बांगडी लालबुंद तापवून तिच्या हातावर डाग दिला होता. मायेनंच. त्यांच्यात कावीळ अशीच उतरवतात. पण अंगणवाडीच्या बाईंनी फोड पाहिले आणि बाल कल्याण समितीनं पोरीला बालगृहात ठेवलं. तेव्हापासून दानेश्वरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आज पोर परत मिळेल म्हणून तिनं नवी पेठेतनं फ्रॉक घेऊन पिशवीत ठेवला होता.

"एवढ्याशा लेकराला चटका कुणी दिला?" समितीच्या मॅडमनी विचारलं.

"मीच, मॅडम. छळ न्हाय तो, औषध हाय. माज्या आईनं मलाबी दिलाय, बघा की!"

आणि त्या भोळीनं बाही पार दंडापर्यंत सारली. मनगटावरचा जुना डाग दिसला. त्याच्या वर पट्ट्याचे वळ आणि बोटांचे निळे ठसेही दिसले.

"आणि हे कसलं औषध?" मॅडमनी विचारलं.

अमरेशचं डोकं सटकलं. "भवाने, बाही वर करायला कुणी सांगितलं?" सगळ्यांदेखत त्यानं तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती टेबलाच्या कडेवर आपटली. ओठ फुटला. शिपायानं त्याला मागून आवळलं, तरी तो लाथा झाडतच होता.

बालगृहाची ताई राजेश्वरीला भेटीला घेऊन नेमकी तेव्हाच दारात आली. पोर रडली नाही. दोन्ही हात डोक्यावर धरून ती मुकाट कपाटामागं जाऊन बसली.

घरी आपल्याला मार बसतो तेव्हा पोर कुठं जाते, हे दानेश्वरीनं कधी पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं.

पदरानं रक्त टिपत ती उठली. "मॅडम, पोरीला आज देऊ नका. आदी मी त्या घरातनं बाहीर पडते, मग न्यायला येते."

पिशवीतला फ्रॉक तिनं टेबलावर ठेवला.

"वाढत्या अंगाचाच घेतलाय," ती म्हणाली. "मला येळ लागला तरी बसंल."