कोमट पाणी

श्रीरंग मासे पकडायचा आणि सोडून द्यायचा. अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या आम्हा मराठी मंडळींत हा एकच कोळी, तोही अंडंसुद्धा न खाणारा! पिसांची खोटी माशी, बिनकाट्याचा गळ, ट्राउट माशाला क्षणभर हातात घ्यायचं, की परत पाण्यात. "हिंसा शून्य," असं तो प्रत्येकाच्या घरी श्रीखंड-पुरीवर ताव मारता मारता ऐकवायचा. शैलाने, त्याच्या बायकोने, एकाच अटीवर परवानगी दिली होती: एक मासा मेला, तर रॉड घरात दिसणार नाही.

म्हणून जाकिटाला दोरीने थर्मामीटर. पाणी अडुसष्ट फॅरनहाइटच्या वर गेलं, की त्यात प्राणवायू कमी. मासा झुंजून दमला, की सोडला तरी सावरत नाही. हे शास्त्र आम्हाला तोंडपाठ होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत मंडळाची पिकनिक त्याच्या लाडक्या ओढ्यावर ठरली. त्या उन्हाळ्यात पाऊस नाही, ऊन भाजून काढणारं. "सकाळी सातला या, तेव्हाच पाणी गार असतं," असं त्याने फोन करकरून बजावलं. मंडळ पोचलं एक वाजता. पद्मिनीकाकूंचे बटाटेवडे तळून व्हायचे होते ना!

जेवणं झाल्यावर रामभाऊकाकांनी पान जमवलं. "काय रे, मासा दाखवतोस का नुसती व्याख्यानंच?"

"काका, आता पाणी गरम..."

"अहो, मासे त्याच्या बोलण्यात असतात, ओढ्यात नव्हे!" सुभाष म्हणाला. सुभाष मालवणचा. सगळे खो खो हसले.

श्रीरंगने थर्मामीटर बुडवलं. त्र्याहत्तर. बघितलं आणि खिशात टाकलं.

"किती?" शैलाने काठावरून विचारलं.

"चालेल."

इथेच खरं तर सगळं आटोपलं होतं. कडेला एक गार झरा ओढ्यात उतरतो. उकाड्याने जीव नकोसा झालेले मासे त्या तोंडाशीच दाटी करून असतात. श्रीरंगला ते ठाऊक होतं. त्याने माशी नेमकी तिथेच टाकली. दवाखान्याच्या दारात सावज धरावं तसं.

मासा लागला, झुंजला, हातात आला. टाळ्या!

"थांब थांब, रोल अडकलाय," रवी कॅमेऱ्याशी झटापट करत ओरडला. "यार, एक मिनिट!"

श्रीरंग मासा वर धरून हसत उभा राहिला. पाण्याबाहेर. तेही त्याला ठाऊक होतं.

सोडला तेव्हा मासा हातभर गेला आणि कलंडला. पांढरं पोट वर. श्रीरंग धावला, त्याला सरळ धरून प्रवाहाकडे तोंड करून पुढेमागे हलवत राहिला.

"झोपला का हो तो?" पद्मिनीकाकूंनी विचारलं. कोणी हसलं नाही.

शैला सलवार दुमडून पाण्यात उतरली. त्याच्याशेजारी उभी राहिली. काही वेळाने म्हणाली, "या पाण्यात पाय बधिर होतात म्हणायचास."

त्याने माशाचं तोंड पुन्हा प्रवाहाकडे वळवलं.

"मी केव्हाची उभी आहे."

त्याने खिशातलं थर्मामीटर काढून तिला दिलं नाही, आणि तिनेही मागितलं नाही.

"वाया कशाला घालवतोस? दे इकडे, तळतो," सुभाष म्हणाला, टोमणा नव्हता, साधा व्यवहार. जन्मभर मटणाच्या दुकानासमोरून नाक दाबून गेलेल्या श्रीरंगने तो मासा दोन्ही हातांनी नेला आणि सुभाषच्या कूलरमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी, बर्फाच्या पाण्यात ठेवला. पाणी आता हवं तेवढं गार होतं.

परतताना रामभाऊकाका हवामानावर बोलत राहिले. शैलाने रॉडचं नाव काढलं नाही. घरी आल्यावर त्यानेच तो गॅरेजमध्ये, कचऱ्याच्या डब्यामागे उभा केला.

संध्याकाळी फोन वाजला. शैलाने घेतला, "हो, सांगते," म्हणाली आणि ठेवला.

"कोण?"

"सुभाष. छान लागला म्हणाला, काटेही फार नव्हते. तुला थँक्यू सांगायला सांगितलंय."