चढाला सटकणारी चेन

दूध सांडलं त्या सकाळी सासूनं सुनेला सरळच विचारलं, "आज पण चेनच का गं?"

सून दारात सायकल धरून उभी होती. कोपर खरचटलेलं, गुडघ्याला चिखल लागलेला, आणि सायकलला अडकवलेल्या दोन्ही किटल्या रिकाम्या. एरवी डेअरीच्या चढाला ती उतरून सायकल ढकलायची, आज उशीर झाला म्हणून तिनं पायडलवर जोर दिला, खाली खाडकन आवाज झाला, पाय मोकळाच गेला आणि ती किटल्यांसकट कलंडली. पण हे सांगायचं कुणाला? हेच तिनं एकदा सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरात तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

ते दिवस मळणीनंतरचे. रानात पेंढ्या रचायचं काम चाललेलं. नेमका बाजारचा दिवस, त्यामुळं वस्तीवर माणूस नाही. सासू आणि दीरही बाजाराला गेलेले. नवऱ्यानं पेंढी उचलली आणि तिच्याखालचा साप मनगटाला डसला. तिनं त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, म्हशीचं दावं सोडून त्याची कंबर आपल्या कंबरेला बांधली आणि डॉक्टरची वाट धरली. सपाटीला सायकल सुसाट पळाली. डेअरीचा तोच चढ सुरू झाला तशी चेन सटकायला लागली. पाय दाबला की खाडकन, पुन्हा दाबला की खाडकन. पायथ्याच्या सायकल दुकानालाही त्या दिवशी कुलूप. शेवटी तिनं दावं सोडलं, खाली उतरली, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं त्याला धरून ती सायकल ढकलत वर गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि मान खाली घालून म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

जरा आधी. एवढेच शब्द, पण ते घरात ठाण मांडून बसले. दिरानं अंगणात सायकलच्या फेऱ्या मारून बघितल्या. चेन एकदाही सटकली नाही. तो म्हणाला, सायकल तर ठणठणीत आहे, आणि गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्यातून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. कुणी म्हणालं, घाबरून वाटेतच बसली असेल. कुणी म्हणालं, पायात बळच कुठंय तिच्या. सासूनं चारचौघांत तोंड उघडलं नाही, पण सुनेच्या हातचं पाणी घेताना ती दुसरीकडं बघायची. आणि सुनेचं दुखणं तर त्याहून खोल होतं. गोठ्यात शेण ओढताना मधेच तिचा हात थांबायचा. चेन खरंच सटकली होती, की आपलेच पाय गळाले होते?

"चल मिस्त्रीकडं," सासू म्हणाली. "काय ते त्याच्याच तोंडून ऐकू दे मला."

खोटं पकडायलाच निघाली होती ती. दोघी निघाल्या. आभाळ भरून उकडत होतं, पण पाऊस पडत नव्हता. रात्रीच्या सरींनी वाटेवरची काळी माती लोण्यासारखी झालेली, ती चाकाला लपेटत होती. सून मधूनमधून काडीनं माती खरवडायची, सासू पुढं जाऊन पाठमोरीच थांबायची.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे चढाच्या पायथ्याला चार पत्रे. म्हातारा एका कानानं बहिरा, त्यामुळं सगळं दोनदा सांगावं लागलं. त्यानं मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. चेन सरसर फिरली. सासूनं सुनेकडं बघितलं, आता बोल म्हणल्यासारखं. मिस्त्रीनं चेन बोटानं दाबून ताण बघितला, एकेक कडी वाकवून कुठं अडकते का ते बघितलं. कुठंच काही नाही. मग तो हात पुसत म्हणाला, "रिकाम्या सायकलला काय कळणार आहे? मागं ओझं टाका आणि चढाला घ्या."

ओझं कुठलं आणायचं? सून इकडंतिकडं बघायला लागली. सासूनं कॅरिअरवरची माती हातानं झटकली.

"मी बसते," ती म्हणाली.

ती कॅरिअरवर बसली, दोन्ही पाय एका बाजूला टाकून. सुनेनं सायकल चढाला घातली. पहिल्या जोरालाच खाडकन झालं. सायकल गचका खाऊन डुलली आणि म्हातारीचे दोन्ही हात सुनेच्या कंबरेला गच्च बसले. पुन्हा पाय दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्या गचक्याला म्हातारी म्हणाली, "थांब."

ती उतरली. चढाकडं बघत राहिली.

"असंच?"

"असंच, आत्या."

"वरपर्यंत?"

"वरपर्यंत."

"आणि तो? काय म्हणत होता का काही?"

हे आजवर सुनेला कुणी विचारलंच नव्हतं. "म्हणत होते, दमलीस तर थांब जरा."

खाली आल्यावर मिस्त्रीनं चाक काढलं, मागच्या दातेरी चक्रावरचं, फ्रीव्हीलवरचं काळं वंगण रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढलं आणि चाक दोघींपुढं धरलं. दाते झिजून आकड्यासारखे एका अंगाला वाकले होते. नव्या चेनला जुने दाते चालत नाहीत, तो सांगत होता. नुसतं फिरवलं तर फिरते, पण ओझं पडलं की चेन दात्याच्या टोकावर चढते आणि उडी मारते. मग त्यानं चेन निरखून बघितली आणि त्याचा आवाज उतरला.

"ही चेन माझ्याच हातची. दाते पण बदलू म्हणालो होतो मी तुमच्या लेकाला. चाक खोलणार तेवढ्यात घरून निरोप आला, मळणीयंत्र दारात आलंय, असशील तसा ये. म्हणाला, मळणी उरकली की येतो. सपाटीला चालवून बघितली, बरी चालली, गेला."

म्हातारीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"निरोप मीच धाडला होता," ती म्हणाली.

सुनेला इतके दिवस जे बोलायचं होतं ते सगळं तोंडाशी आलं. खोटारडी म्हणून काढलेले ते दिवस, पाठ फिरवून घेतलेलं ते पाणी. तिनं वर बघितलं. म्हातारी एकाएकी एवढीशी दिसत होती, आणि तिच्या टाचांना वाटेतली माती तशीच चिकटलेली.

"यंत्र काय आपल्यासाठी थांबणार होतं, आत्या?" सून म्हणाली. "कुणीही धाडला असता."

मिस्त्रीनं जुनं फ्रीव्हील उतरवलं, नवं घट्ट बसवलं, चाक मागं ओढून चेनीचा ताण धरला आणि बोल्ट आवळले. आता बघा म्हणाला. सुनेनं सायकल धरली, आणि काही न सांगता सासू मागं बसली.

ह्या वेळी चेन बोलली नाही. सून उभी राहून पायडल मारत होती, मागं म्हातारी तिला धरून होती. मधलं वळण गेलं, डेअरी गेली, आणि डॉक्टरच्या फाटकाशी सायकल थांबली. सुनेला नुसती धाप लागली होती, बाकी काही नाही. म्हातारीनं खाली उतरून मागं बघितलं. मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान तिथून स्पष्ट दिसत होतं, तो अजून पाना हातात घेऊन उभाच होता.

म्हातारी डॉक्टरच्या पायरीवर बसली आणि तिनं तोंड पदरात घातलं. सायकल भिंतीला टेकवून सून तिच्याशेजारी बसली. तिनं म्हातारीचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि दोघी पहिल्यांदाच एकमेकींजवळ रडल्या.

आवाज ऐकून आतून कंपाउंडर बाहेर आला. कुणाला दाखवायचंय, म्हणून त्यानं विचारलं.

"कुणाला नाही रे बाबा," म्हातारी म्हणाली. "किती वेळ लागतो ते बघायला आलो होतो."