खुर्चीखालचे दाणे

सकाळी सातलाच सभागृहाबाहेरची रांग दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचायची. आत चौथऱ्यावर दिवंगत गुरुजींची लाकडी खुर्ची होती. तिच्याखाली रोज खसखशीएवढे बारीक दाणे सांडलेले असायचे. गुरुजींचा पट्टशिष्य ते चमच्याने उचलून कागदात बांधून वाटायचा आणि लोक तिथल्या तिथे जिभेवर टाकायचे.

"हे दाणे कुठल्या शेतात पिकत नाहीत," तो सांगायचा. "गुरुजी देहातून गेले, खुर्चीतून नाही. मधुमेह, मूळव्याध, मूल न होणं, बदली न होणं, सगळ्यावर एकच मात्रा. फक्त शंका घेऊ नका. शंकेने दाणा नासतो."

म्हणजे गुण आला तर दाण्याचा, नाही आला तर दोष तुमचा. चित भी मेरी, पट भी मेरी.

मी सुतार आहे. ते दाणे मी पहिल्याच दिवशी ओळखले होते. सभागृहाची बाकं करायला गेलो, तेव्हा खुर्चीच्या हाताखाली टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली. म्हटलं, "वाळवी आहे. औषध मारून बुजवून टाकतो."

"त्या भोकांना हात लावायचा नाही," पट्टशिष्य गोड हसून म्हणाला. "तुम्ही आपलं बाकांचं बघा."

मी बाकांचं बघितलं. घरी येऊन एकटाच हसलोसुद्धा. लोकांना नाही अक्कल, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा? आज हे लिहिताना लाज वाटते.

कामाच्या धबडग्यात तीन आठवडे थोरल्या बहिणीकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा ताईच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली होती, खोलीत वास कोंडला होता. फ्रिजमध्ये इन्सुलिन जसंच्या तसं होतं आणि उशाशी कागदाच्या पुड्या.

"सुई बंद केलीस?"

"सुई आणि कृपा एका अंगात नांदत नाहीत, असं म्हणाले ते."

तिला इस्पितळात भरती केलं. दुसऱ्या सकाळी पटाशी घेऊन मी सभागृहात शिरलो आणि भर रांगेसमोर खुर्चीच्या हातात ती घुसवली. फारसा जोर लागलाच नाही. आत लाकूड म्हणावं असं उरलंच नव्हतं, नुसते पापुद्रे, आणि त्यांत वळवळणारे पांढुरके किडे.

"ही कोरड्या लाकडातली वाळवी," मी म्हणालो. "हिला ना माती लागते, ना ओल. आत लाकूड खाते आणि भोकातून विष्ठा बाहेर ढकलते. औषध मारलं की दाणे बंद. म्हणून तर यांनी मला मारू दिलं नाही."

रांगेतल्या घड्याळजीने खिशातलं भिंग डोळ्याला लावून एक दाणा पाहिला. "सहा बाजू आहेत," तो म्हणाला. "सगळ्या दाण्यांना सहाच."

"बघा," पट्टशिष्य लगेच म्हणाला, "इतकी कोरीव कारागिरी माणसाला जमेल?"

"माणसाला नाही, वाळवीच्या ढुंगणाला जमते," मी म्हणालो. "आतलं पाणी पिळून घेताना विष्ठा तशी दाबली जाते."

कोणी हसलं नाही. एक म्हातारी हळूच म्हणाली, "मग मी दोन महिने काय खाल्लं?" काहींनी पुड्या टाकल्या. काहींनी खिशात जपून ठेवल्या, न जाणो म्हणून. पट्टशिष्य सांगत होता, याच्या शंकेनेच खुर्ची नासली. त्यावरही दोघांनी माना डोलावल्या.

ताईचा पाय घोट्यापासून कापावा लागला. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं.

"तू तिथे काम करत होतास, म्हणून तर मी गेले," ती म्हणाली. "म्हटलं, काही खोट असती तर भाऊ बोलला असता."

पट्टशिष्य लबाड होताच, पण त्याचं फावलं ते माझ्यासारख्या जाणत्यांच्या गप्प बसण्याने. तुम्हाला लाकूड कळत असेल, औषध कळत असेल, किडा ओळखता येत असेल, तर मनात हसून घरी जाऊ नका. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सांगा. तो चिडेल, तोंड फिरवेल. तरी सांगा. त्या रांगेत कोण उभं आहे, हे मी बघितलं नव्हतं.