आधी हात, मग रंग

मी एक जुनी टेकडी आहे. हसू नका मित्रांनो! उंची दोन वीत, मुक्काम धामणकर नाक्याजवळच्या एका घरातल्या कपाटावर. मला वाळवंटातली टेकडी म्हणून घडवले, पण वाळवंट मी कधी पाहिलेले नाही. आणि खरे सांगायचे तर मी फार भित्री आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझा ब्रह्मराक्षस म्हणजे रंगाचा स्प्रे. त्याच्या डब्यातली गोळी खुळखुळली की मला कपाटामागे दडावेसे वाटते.

जन्माने मी थर्माकोल. दापोड्याच्या एका गोदामात खोक्यातल्या फ्रिजला धक्का लागू नये म्हणून मला आणि माझ्या बहिणीला त्याच्या दोन बाजूंना बसवले होते. फ्रिज गेला आणि आम्ही भंगारात निघालो. तिथे कामाला असलेल्या दिपालीने आम्हाला उचलून घरी आणले. दिपाली आणि तिचे मित्र रविवारी टेबलावर लढाई खेळत. बोटभर उंचीचे सैनिक, फासे, आणि अंतर मोजायला शिंप्याची टेप. त्यांना वाळवंटातली लढाई मांडायची होती, पण टेबल पडले सपाट. सैनिकांनी लपायचे कुठे? म्हणून दिपालीने पात्याने कापून, घासून आमच्या टेकड्या केल्या.

रंगवायला तिने आम्हाला गच्चीवर नेले. आधी बहिणीचा नंबर लागला. डबा खुळखुळला, फुस्स झाले, आणि मित्रांनो, माझी बहीण विरघळू लागली! स्प्रेमधले रसायन थर्माकोल खाते, हे दिपालीला ठाऊक नव्हते. बहिणीच्या अंगाला भोके पडली, मग ती खचली आणि शेवटी लादीवर नुसता चिकट गोळा उरला. रांगेत पुढची मीच होते. पळायला पाय नाहीत, ओरडायला तोंड नाही.

गच्चीवर दिपालीची आत्या सीताबाई कावळ्यांपासून सुकट राखत बसली होती. ती उठून आली आणि तिने तो गोळा चाचपला.

"याला कातडीच न्हाय गो. खारं पानी मातीला खातं, तसं खाल्लं याला."

सीताबाईचे अर्धे आयुष्य खाडीकाठच्या शेताचे बांध लिंपण्यात गेले होते. तिच्या सांगण्यावरून दिपालीने जवळच्या यंत्रमागावरून आणलेल्या सुती चिंध्या सुताराच्या पांढऱ्या गोंदात भिजवून माझ्या अंगभर चिकटवल्या. वर गोंद आणि वाळूचा लेप दिला. तो वाळल्यावर सीताबाईने माझ्यावरून तळवा फिरवला, अगदी तळालासुद्धा.

"बांध डोल्यांनी न्हाय बगायचा, हातान बगायचा. खेकड्याच्या बिलातून पानी शिरतं, बांधाला खांड परते, भगदाड होतं, आन् आख्खं शेत जातं."

तीन जागी तिचे बोट अडले. त्या तिन्ही जागा तिने बुजवल्या. मग डबा खुळखुळला. मी मेलेच असे धरून चालले होते, पण अंगावर नुसता गार रंग बसला.

पुढची दोन वर्षे मी राणीसारखी राहिले. दिपालीचा मित्र श्रीनाथ मला पाहून म्हणाला, "अगं, ही थेट राजस्थानातून उचलून आणलीस की काय?" माझ्या आडोशाला कितीतरी सैनिक वाचले. तेवढा वेळ माझी भीतीही कुठेतरी पळायची.

मग दिपालीची ड्युटी बदलली, रविवारही गोदामात जाऊ लागले आणि मी कपाटावर गेले. एकदा कोणीतरी बॅग सरकवली आणि मी खाली आपटले. तळाशी नखाएवढी कातडी फुटली आणि आतला पांढरा थर्माकोल उघडा पडला. मला उचलून परत वर ठेवले, पण उलटून कोणी पाहिले नाही.

परवा मित्रमंडळींनी पुन्हा जमायचे ठरवले. माझा रंग उडालेला होता. दिपालीने मला गच्चीवर नेले, धूळ झटकली आणि पिशवीतून नवा डबा काढला. खुळखुळ! बहिणीचा डाग अजून त्याच लादीवर आहे. मला दुसरे काही दिसेना.

"थांब," सीताबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. "हात फिरवलास?"

"आत्या, मी नीट बघितलंय. काही झालं नाही तिला."

"बगितलंस, ते कलालं. हात फिरवलास का, ते इचारलं मी. डोले मिट."

दिपालीने हसत डोळे मिटले. तिचा तळवा माथ्यावरून उतारावर, उतारावरून तळाशी आला आणि त्या जागेवरून तसाच पुढे गेला. माझा जीव टांगणीला लागला.

"परत," सीताबाई म्हणाली.

या वेळी बोट अडले. दिपालीचे हसू गेले. "खांड आहे," ती हळूच म्हणाली, आणि तिने डबा खाली ठेवला.

मित्रांनो, माझे ठिगळ आता वाळते आहे. उद्या डबा पुन्हा खुळखुळेल आणि मी पुन्हा घाबरेन, स्वभावाला औषध नाही. तुम्ही मात्र जुन्या वस्तूला नवा रंग देण्याआधी डोळे मिटून तिच्यावरून एकदा हात फिरवा. एकदा काही लागले नाही, तर परत फिरवा. आम्हाला ओरडता येत नाही.