साठ वॉटचा जावई

तलावटोल्याच्या मच्छीमार संस्थेने दोनशे नवी स्टीलची ताटं घेतली, तेव्हा त्यांच्यावर संस्थेचं नाव टाकायचं हे एकमताने ठरलं. जुन्या ताटांवर नाव नव्हतं. ती कुरखेड्याच्या एका लग्नाला गेली आणि तिथून पुढे स्वतःच्या हिमतीवर फिरत राहिली. शेवटचं ताट वरोऱ्याला एका पोह्याच्या गाडीवर सुखात नांदताना दिसलं.

जो नाव टाकेल त्याला दुकानासाठी संस्थेची रिकामी खोली मिळणार होती. ती खोली लटारूभाऊंच्या लेकीला, दिव्यानीला, हवी होती. तिचं दहा वॉटचं डायोड लेझर मशीन घरच्या चुलीशेजारी मांडलेलं असे. त्यावर ती बांबूच्या पेल्यांवर नावं कोरायची आणि दर दोन पेल्यांनंतर आई म्हणायची, "उचल वो बाई थे, मले भाकरी थापाच्या हायेत."

संस्थेचे अध्यक्ष डोमाजी यांनी तिचा अर्ज वाचला आणि ते हसले.

"दहा वॉट? माह्या गोठ्यातला बल्ब नऊचा हाये! आमच्या जावयाची मशीन साठ वॉटची हाये, साठ! पलायवूड पापडावानी कापते."

डोमाजींनी भर सभेत जावयाला, वरोऱ्याच्या निकेशला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"जावईबापू, स्टीलच्या ताटावर नाव टाकता ना?"

"स्टीलच्या?" पलीकडून निकेशने विचारलं. पण भर सभेत सासऱ्याला 'जमत नाई' म्हणणारा जावई आमच्या भागात अजून जन्मायचा आहे.

"हो मामाजी," निकेश म्हणाला.

रविवारी दोघांनी ताटावर नाव टाकून दाखवायचं ठरलं. निकेशचं मशीन पिकअपमधून आलं. उतरवायला चार माणसं लागली आणि सल्ला द्यायला अकरा. आतली काचेची नळी तापू नये म्हणून त्याला पाण्याची बादली आणि पंप लागत होता. दिव्यानीचं मशीन कापडी पिशवीतून आलं. शेजारी ठेवल्यावर ते साठ वॉटचं पिल्लू वाटलं.

पहिला मान अर्थातच जावयाचा. ताट आत गेलं, झाकण पडलं, मशीन घरघरलं, लाल दिवा नाचला. झाकण उघडलं. ताट चकचकीत. कोरं.

"अक्षरं आतून उमटली असतीन," डोमाजी म्हणाले आणि त्यांनी ताट उलटं करून पाहिलं.

दुसरं ताटही कोरंच निघालं. तिसऱ्याला निकेशने जोर वाढवला. ताट कोमट झालं, एवढीच प्रगती.

निकेश घाम पुसत दिव्यानीजवळ आला आणि कुजबुजला, "माह्या मशीनचा उजेड नुसत्या स्टीलवर धरतच नाई वो ताई. परत फिरते. मले फोनवरच मालूम होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई भाऊजी?"

"स्पीकर चालू होता ना!"

दोघांच्या मागेच निकेशची सासू, गोकुळाबाई, जावयासाठी आणलेल्या जिवंत झिंग्यांची टोपली घेऊन उभी होती. तिने जावयाच्या तोंडाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग शांतपणे जाऊन अख्खी टोपली त्या थंड पाण्याच्या बादलीत उलटी केली.

"ताजे राह्यतीन," ती म्हणाली.

पंपाने चार झिंगे ओढले आणि घोट अडकल्यासारखा आवाज काढला. मशीन पी-पी करून बंद पडलं.

"अवं, हे काय केलं!" डोमाजी ओरडले.

"माहीच चुकी झाली बाप्पा," गोकुळाबाई पदराला हात पुसत म्हणाली. "नाईतर जावईबापूनं आतापर्यंत शंभर ताटं केली असती."

निकेशच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग आला. लटारूभाऊ मात्र हिशोबी माणूस.

"पण झिंगे टाकाच्या आधीची तीन ताटं..."

"लटारूभाऊ, चहा घ्या तुमी," सगळी सभा एका आवाजात म्हणाली.

मग दिव्यानीने पिशवी उघडली. सगळ्यांना दूर बसवलं आणि आपल्याजवळचा जास्तीचा लेझरचा चष्मा डोमाजींच्या डोळ्यांवर चढवला, जो त्यांनी नंतर जेवतानाही काढला नाही. निळा ठिपका ताटावर मुंगीच्या चालीने फिरला. दीड मिनिटाने काळ्याभोर अक्षरांत नाव उमटलं. डोमाजींनी नखाने खरवडलं, थुंकी लावून पुसलं, शेवटी चिंच मागवली. नाव हललं नाही.

बाकीची ताटं व्हायला दिवस मावळला. तोवर बादलीतले झिंगे संपलेही होते, तीन कोऱ्या ताटांतच वाढून. ठराव असा लिहिला गेला: 'झिंग्यांमुळे व्यत्यय आल्याने खोली कु. दिव्यानीस देण्यात येत आहे.'

खोलीत बसल्यावर तिने पहिल्यांदा दुकानाची पाटी करायला घेतली, काचेसारख्या आरपार अॅक्रिलिकची. निळा उजेड अॅक्रिलिकमधून सरळ निघून गेला आणि खालच्या टेबलावर, संस्थेच्या सागवानी टेबलावर, 'दिव्या' एवढं नीट कोरलं गेलं. तिने पुढचं थांबवलं आणि वरोऱ्याला फोन लावला.

"भाऊजी, पाटी तुमीच कापा. माह्या मशीनले ते दिसतच नाई."

निकेशने दोन मिनिटांत कापली आणि स्वतः लावायला आला. डोमाजी सगळ्या गावाला दाखवत होते, "पाहा, साठ वॉट!" निकेश स्टुलावर चढला, पाटी धरली, ड्रिल भिंतीला लावलं आणि थबकला.

गोकुळाबाई लगबगीने पुढे आली. हातात टोपली होती.

"जावईबापू, जमत नसन तं आताच सांगा. झिंगे तयार हायेत."